आबेका घ्यावं की शार्लट मेसन?
अमेरिकेतल्या ख्रिश्चन होमस्कूलिंग घरांत (म्हणजे पोरांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या) सकाळची प्रार्थना नि बायबल वाचन झालं की टेबलावर काय येतं, खरा फरक तिथे पडतो. आबेका म्हणजे फ्लोरिडातल्या पेन्साकोलाचं, 1972 पासूनचं रेडिमेड अभ्यासक्रमाचं काम, वर्कबुक, टेस्ट, आईसाठी रोजचा लेसन प्लॅन, हवं तर व्हिडिओवर टीचरपण. कडेवर तान्हं असेल तर हेच बरं पडतं, पण पानं भरून भरून पोरं कंटाळतात बरं का.

शार्लट मेसन (1842-1923) ही ब्रिटिश शिक्षिका, तिचं म्हणणं लहानांचा धडा 15-20 मिनिटांत आटपा, चांगली गोष्ट एकदाच वाचा नि मग पोराला आपल्या शब्दांत सांगू द्या. बायबलमधली दावीद-गल्याथची गोष्ट (लहानगा दावीद गोफणीने राक्षसी गल्याथला पाडतो ती) वाचली की पोरगं हवेत गोफण फिरवत, मधेच ओढ्यातले पाच गोटे बोटांवर मोजत अख्खी गोष्ट सांगतं, ते वर्कशीटवर कुठून येणार? दुपारी बाहेर भटकायचं, वहीत पक्षी काढायचे. मला तरी हेच आवडतं, फक्त आईची तयारी जास्त.

निवडताना आपल्या राज्याचा नियमही बघा. पेन्सिल्व्हेनियात 180 दिवसांची नोंद नि पोर्टफोलिओ (पोराच्या कामाची फाइल) लागतो, तिथे भरलेली वर्कबुकं आयती कामाला येतात. टेक्सासात कोणी टेस्टबिस्ट मागत नाही, तिथे खुशाल मेसन करा.