नवी पेठेतील चादरींचे दुकान आणि गप्प राहिलेला साउंडबॉक्स

गेल्या महिन्यात सोलापूरच्या नवी पेठेतील एका जुन्या दुकानातून मी दोन जकार्ड चादरी आणि चार टॉवेल घेतले. मालाविषयी थोडक्यात सांगायचे तर वीण दाट आहे, रंग पक्का आहे आणि दोन धुण्यांनंतरही काठ ओढले गेलेले नाहीत. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीकडून एवढी अपेक्षा असतेच. लिहावेसे वाटले ते पैसे देताना जे घडले त्याविषयी.

१,८४० रुपये मी यूपीआयने भरले. रक्कम वजा झाल्याचा बँकेचा संदेश आला, पण पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा गल्ल्याजवळचा साउंडबॉक्स काही बोलेना. मी मोबाइलवरची हिरवी खूण पुढे केली, तेव्हा मालकांनी शांतपणे सांगितले, “तुमच्या फोनवर काय दिसतं ते मी धरत नाही, माझ्या खात्यात आलं पाहिजे.” मला क्षणभर रागच आला. मात्र हुबेहूब अशीच खूण दाखवणारी बनावट ॲप वापरून दुकानदारांना फसवले जाते, हे आठवल्यावर त्यांचे म्हणणे पटले. त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

मला परतीची बस गाठायची असल्याने मी रोख रक्कम दिली. त्यांनी न मागता बिलाच्या मागे यूटीआर क्रमांक (व्यवहार ओळखण्याचा बँकेचा क्रमांक) आणि वेळ लिहून, ‘ही रक्कम जमा झाल्यास परत देऊ’ अशी नोंद करून शिक्का मारला. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यावी लागते आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाच्या उशिरासाठी ग्राहकाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम मला त्या गल्ल्यावर कळला, बँकेत नव्हे. तिसऱ्या दिवशी पैसे खात्यात परत आले. तसे कळवायला फोन केला, तर मालकांनी आपल्या खात्यातील नोंदी आधीच तपासून ठेवल्या होत्या.

स्कॅनरचा कागद काउंटरच्या काचेखाली ठेवलेला आहे, त्यामुळे त्यावर दुसऱ्याच खात्याचे स्टिकर चिकटवणे कुणाला सहज जमणार नाही. स्कॅन केल्यावर दिसणारे नावही पाटीवरच्या नावाशी जुळते.

खटकले ते एकच. बिलासाठी मोबाइल क्रमांक मागतात, तोही चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने. मी नकार दिला, तेव्हा मात्र कुरकुर न करता क्रमांकाविना बिल दिले.