बाऊल पडद्याआडून आला, तेव्हाच उठायला हवं होतं

३९,७३८ रुपये. हा आकडा मी दोन महिने नवऱ्यालाही सांगितला नव्हता. त्यांना आठ हजार सांगितले होते. आज सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण केस रंगवायच्या पॅकेजवर मला फसवणारी सलूनवाली मंडळी आता नाव बदलून दुसरीकडे बसली आहेत आणि त्यांचा डोळा माझ्याच वयाच्या बायकांवर आहे.

मी फोंड्याची. वय ५२. एका पतसंस्थेत २२ वर्षं नोकरी करते. लोकांची कर्जप्रकरणं, जामीनदारांच्या सह्या, कागदांवरची खाडाखोड, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. तेव्हा ‘शिकलेल्या बायका अशा कशा फसतात’ असं ज्याला म्हणायचं असेल त्याने आधी पुढचं वाचावं. मला कुठला फुकटचा लाभ नको होता. भाचीच्या लग्नात जरा बरं दिसावं एवढंच वाटत होतं आणि त्यात काही चूक आहे असं मला आजही वाटत नाही.

मार्च २०२५ मध्ये तिचा साखरपुडा झाला. दारात गुलाबपाणी शिंपडायला मी उभी होते. मुलाकडच्या एका बाईंनी माझा हात हातात घेतला आणि अगदी प्रेमाने विचारलं, “तुम्ही नवरीची आजी ना?” नवरीची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती शेजारीच उभी होती. मी हसले. पण त्या रात्री आरशासमोर बराच वेळ बसले. कानशिलांवर पांढरे, भांगाची रेघ बोटभर रुंदावलेली आणि पाळी जाण्याच्या दिवसांत मुठी-मुठीने गळून उरलेली करंगळीएवढी वेणी. दहा वर्षं काळी मेंदी लावत आलेली, त्यामुळे मुळाशी पांढरं, मध्ये काळंकुट्ट आणि टोकाला तांबूस. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

त्याच आठवड्यात बाजारात एका मुलीने हातात कूपन दिलं. ९९ रुपयांत हेअरकट आणि केसांची तपासणी. दुसऱ्या दिवशी फोन. तुमचा नंबर लकी निघाला, आजच शेवटचा दिवस, फक्त पाच मेंबर घेतोय, वगैरे. ते सगळं तुम्हाला पाठ असेल, त्यात वेळ घालवत नाही. पणजीच्या अलीकडे हायवेला लागून त्यांचं सलून होतं. काचेचा दरवाजा, एसी, कॉफी. त्यांनी डोक्यावर छोटा कॅमेरा फिरवून स्क्रीनवर माझ्या टाळूची चामडी दाखवली, भाताच्या तापलेल्या खाचरासारखी. घाबरवायचं साधन ते हेच. त्यानंतर टॅबवर माझाच फोटो काढला आणि माझ्याच चेहऱ्यावर खांद्यापर्यंतचे मऊ तपकिरी लेअर्स बसवून दाखवले.

तो फोटो मी विसरू शकत नाही. त्यात मी होते, दहा वर्षांपूर्वीची. मॅनेजर म्हणाला, “दीदी, उम्र तो है ही नहीं, बस बालों ने बढ़ा दी.” मी तिथेच ५,००० रुपये यूपीआयने भरले.

पॅकेज २१,१८६ रुपयांचं. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३,८१३ रुपये ४८ पैसे. एकूण २४,९९९. त्यात ‘अमोनिया-फ्री’ ग्लोबल कलर (म्हणजे सगळ्या केसांना एकच रंग), लेअर कट, दर सहा आठवड्यांनी मुळांचं टचअप आणि वर्षभरात चार स्पा. उरलेले १९,९९९ आठवड्याने कार्डाने भरले. बिल मिळालं, त्यावर जीएसटी क्रमांकही छापलेला होता. मी तो मोजला नाही. मी! क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, गोव्याचा ३० ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की मालकाचं नाव दिसतं. हे मी आमच्या संस्थेत नव्या पोरांना शिकवते. त्या बिलावरच्या क्रमांकात चौदाच अक्षरं होती. मला ते जूनमध्ये कळलं. (२२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनवर हा कर ५ टक्के झाला आहे. आता कुणी १८ लावला तर तिथेच हात आखडा.)

आता ३ मेचा दिवस. लग्न ११ तारखेला.

मी वेळेवर पोचले. केस धुतले. मग मुलगी म्हणाली, मेंदी आहे, ती काढावी लागेल, २,८०० वेगळे. लांबी जास्त आहे, ३,५०० वेगळे. केस तुटू नयेत म्हणून बॉन्डची ट्रीटमेंट, ४,२००. ओल्या केसांनी, गळ्याला प्लास्टिक बांधून बसलेली बाई काय बोलणार? १०,५०० रुपये तिथेच क्यूआर कोडवर दिले. फोनवर नाव आलं ते सलूनचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. मी विचारलं. “मालकांचंच खातं आहे मॅडम.” कोडवर दुकानाऐवजी माणसाचं नाव दिसलं तर एक रुपयाही देऊ नका.

मी कलरची ट्यूब दाखवायला सांगितली होती. आधी दोनदा फोनवर सांगितलं, त्या दिवशी पुन्हा सांगितलं. ती हो म्हणाली आणि पडद्यामागे गेली. पाचेक मिनिटांनी आली ती हातात बाऊल घेऊन. मिश्रण आधीच कालवलेलं. वरून जांभळट, ब्रशला चिकटलेलं, आणि वास? शाळेच्या प्रयोगशाळेत बाटलीचं बूच काढलं की डोक्यात जाई तसा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अमोनिया नसलेल्या कलरला असा वास येत नाही एवढं मलाही कळतं. मी म्हटलं, “हे अमोनिया-फ्री नाही.” ती म्हणाली, “फ्रेश आहे म्हणून वास येतो.” मी म्हटलं, “ट्यूब आण.” ती म्हणाली, “डस्टबिनमध्ये टाकली.”

मी उठले नाही.

हा क्षण मी किती वेळा आठवला असेन. तोंडातून प्रश्न निघाला होता, खोटं उत्तर ऐकू आलं होतं, नाकाला खरं कळलं होतं, तरी मी खुर्चीतच राहिले. कारण कूपनच्या ९९ सकट ३५,५९८ रुपये जाऊन बसले होते. आगाऊ पैसे घेण्यामागे त्यांचा हाच हिशेब असतो, त्याने तुमचं तोंड बंद होतं. पैसे माझ्या पर्समध्ये असते तर मी ओल्या केसांनी चालत कदंब बसमध्ये बसले असते. कितीही मोठी सूट देऊ देत, केसांसाठी आगाऊ पैसे देऊ नका. काम बघून द्या.

आणि ट्यूब फोडताना तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला लावा. खोक्याचा फोटो काढा. केस रंगवण्याच्या ज्या उत्पादनात पीपीडी नावाचं रसायन असतं त्याच्यावर आपल्या देशात इशारा छापावाच लागतो, की त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा. म्हणजे कानामागे थोडंसं लावून ४८ तास थांबायचं. मला कुणी थांबवलं नाही. “ऑरगॅनिक आहे, चाचणीची गरज नाही,” एवढंच. ‘अमोनिया-फ्री’ लिहिलं म्हणजे पीपीडी नाही असंही नसतं, हे मला नंतर त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं. आपल्या काळ्या मेंदीतही बहुतेक वेळा तेच असतं. निव्वळ मेंदीच्या पानांनी केस काळे होतच नाहीत, तांबूस होतात.

चाळीस मिनिटं टाळू भाजत होती. धुतल्यावर आरशात पाहिलं तर मुळाशी चार बोटं भगवट नारिंगी आणि खाली जुना काळा पट्टा तसाच, पण खरखरीत. “दोन धुण्यांत बसेल.” दुसऱ्या दिवशी सकाळी पापण्या सुजल्या होत्या, कानांच्या मागे पाणी सुटलं होतं. डॉक्टर आणि औषधं मिळून २,३४०.

लग्नाला मी गेले. बहिणीने हट्टाने अंबाडा घातला, अबोलीची फाती माळायला घेतली. तिने आकडा खोचला आणि ओढून नीट करायला काढला, तर आकड्याबरोबर केसांचा पुंजकाच तिच्या हातात आला. मधूनच तुटलेला, रबरासारखा ताणला जाणारा. ती काही बोलली नाही. तिने तो रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला. त्या दिवसाच्या एकाही फोटोत मी पुढच्या रांगेत नाही.

१९ मे रोजी मी सलूनला गेले. मॅनेजर नाहीत. जूनमध्ये तीनदा. मॅनेजर मुंबईला. गणेशचवथीच्या आधी गेले तर शटर खाली आणि बोर्डाच्या जागी चार खिळे.

आता ज्यांचं काम आपल्याला मदत करणं आहे त्यांच्याकडे वळते. पोलीस ठाण्यात तासभर बसवल्यावर साहेबांनी माझ्या केसांकडे बघून विचारलं, “ह्या वयात हे कशाला करायला गेलात?” माझी तक्रार पैशांची होती, वयाची नव्हती. मग म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, केस बिघडले तर आम्ही काय करणार. मी खोटा कर क्रमांक दाखवला, दुसऱ्याच माणसाच्या खात्यावर घेतलेले पैसे दाखवले. तेव्हा म्हणाले, दुकान आमच्या हद्दीत आहे पण तुम्ही फोंड्याच्या, तिकडे द्या. फोंड्याला गेले तर तिथे म्हणाले, घटना तिकडची. दखलपात्र गुन्ह्यात हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय. मी हे म्हटलं तर उत्तर मिळालं, “मग वकील करा.” शेवटी एका साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. त्या अर्जाचं पुढे काय झालं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, सेवा घेतलीत, आता वाद कसला. वर्षभराच्या सेवेतला एकच दिवस मिळाला हे तीनदा समजावलं. फॉर्म भरला. पंचेचाळीस दिवसांनी एका ओळीत नकार. पंचायतीत गेले तर रजिस्टर उघडून दाखवलं, त्या गाळ्याचा परवाना कपड्यांच्या दुकानाचा. मी विचारलं, मग एवढं मोठं सलून चालत होतं ते कुणाला दिसलं नाही? क्लार्क म्हणाला, “कुणी तक्रार केली नाही.” गाळ्याच्या मालकाने भाडेकराराची प्रत द्यायला नकार दिला. एका कचेरीत तर मला सांगितलं, फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात गेला, तुमचं दुकान उत्तरेत, म्हणून इथे नाही. तालुका दक्षिणेत गेला हे खरं, पण त्यावरून नकार देणं हेही धादांत चुकीचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. अर्धा दिवस रजा टाकून गेलेल्या बाईला खिडकीवरचा माणूस एवढंही नीट सांगू शकत नाही? माझ्या सात रजा गेल्या. त्या ३९,७३८ मध्ये धरलेल्या नाहीत.

भाचीचा नवरा म्हणाला, दिल्लीत एका बाईला चुकीच्या हेअरकटसाठी २ कोटी मिळाले होते. खरं आहे, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये दिले होते. पण २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रक्कम रद्द करून प्रकरण परत आयोगाकडे पाठवलं, नुकसानीचा तेवढा पुरावा नाही म्हणून. त्यामुळे कागद जपा. बहिणीने रुमालात बांधलेला पुंजका आज माझ्या फाइलमध्ये आहे, डॉक्टरांची चिठ्ठी आहे, त्या दिवशीचे मोबाइलवरचे फोटो आहेत. बिल मागा. बिल न देणं हीच कायद्याने अनुचित प्रथा आहे. आणि सगळ्यात आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून तक्रारीचा क्रमांक घ्या.

केसांचं म्हणाल तर ते आमच्या वाड्यावरच्या पार्लरवालीने सावरले. तिने दार उघडून एकदा पाहिलं आणि म्हणाली, “वयनी, हें कोणें केलें?” मी तिथेच रडले. तिने नारिंगी झालेल्यावर ताबडतोब दुसरा रंग चढवायला साफ नकार दिला. सहा आठवडे थांबवलं. मेंदी बसलेल्या केसांवर ब्लीच मारणं हाच गुन्हा होता, म्हणाली, काही मेंद्यांत धातूचे क्षार असतात, त्यावर ब्लीच पडलं की केस तापून तुटतात. मग खांद्याच्या किंचित वर कापले, लेअर्स हनुवटीच्या खालून सुरू केले, कारण वरून सुरू केले तर विरळ केस आणखी विरळ दिसतात. भांग मधून काढून बाजूला नेला. कपाळावर थोडी तिरकी बट. रंग कानामागे लावून दोन दिवस थांबली, मग पीपीडी नसलेला, माझ्या मूळ रंगाहून एकच छटा उजळ तपकिरी. कुळकुळीत काळा नको म्हणाली, या वयात त्याने चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ उठून दिसते. कानशिलांवरचे पांढरे तिने मुद्दाम तसेच ठेवले, तपकिरीत ते सोनेरी बटांसारखे मिसळतात आणि मुळं वाढली तरी लगेच उघडी पडत नाहीत. सगळे मिळून १,८०० रुपये. पैसे शेवटी घेतले.

ही बाई माझ्या घरापासून चार मिनिटांवर आहे. मी तिच्याकडे फक्त भुवया करायला जायचे.

जिल्हा आयोगात माझी तक्रार दाखल झाली आहे. क्यूआर कोडवर ज्याचं नाव आलं त्याला पहिला प्रतिवादी केलं आहे. गेल्या आठवड्यात म्हापशाच्या बाजारात माझ्या बहिणीच्या हातात एका मुलीने कूपन ठेवलं. ९९ रुपयांत हेअरकट आणि तपासणी. सलूनचं नाव वेगळं, कूपनवरच्या फोटोतली बाई तीच. ताईने ते फाडलं नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढून मला पाठवले आणि मूळ कूपन कदंबच्या कंडक्टरकडे पाकिटात घालून दिलं. काल ते मी तक्रारीला जोडलं.