तीन लाखांची सुट्टी: गोव्याचं पंचतारांकित, परदेशी पॅकेज की दोन बेताच्या सहली?

नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. हाताशी तीन लाख. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बऱ्याच घरांत सुट्टीच्या बोलण्यात हल्ली हा आकडा सहज निघतो. नोकरदारांचा बोनस असो की चिकोडी-अथणीकडच्या उसाचं बिल, त्यातला एक वाटा आता फिरण्याचा. पर्याय साधारण तीन: गोव्यातलं पंचतारांकित रिसॉर्ट, दुबई-थायलंडसारखं पॅकेज, नाहीतर दांडेली-तारकर्ली अशा दोन बेताच्या सहली. माझं मत आधीच सांगते. दिवसभर जिथं ठिय्या मारून बसायचं आहे, तिथंच महागडी खोली परवडते. नुसतं पाठ टेकायला यायचं असेल तर ती उधळपट्टी.

गोव्याचा खरा फायदा अंतराचा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत साखळीत उतरायचं. सकाळी घरचा चहा घेऊन निघालेली माणसं दुपारी समुद्रावर जेवतात. विमानाची तिकिटं नाहीत, बॅगांचं वजन नाही, आजींचं पाणी तापवायचं भांडंसुद्धा डिकीत बसतं. म्हणजे तीन लाखांतला जवळजवळ सगळा पैसा राहण्या-खाण्यावरच जातो. मुंबईकराचा पहिला आणि शेवटचा दिवस प्रवासात मोडतो, आपला तसा मोडत नाही. फक्त लवकर पोचून उपयोग नाही, कारण खोली बहुतेक ठिकाणी दोन-तीनच्या आधी ताब्यात देत नाहीत.

आता बिल. खोलीचा दर रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्यावर गेला की १८ टक्के. सप्टेंबर २०२५ पासून हा हिशोब आहे. ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते. तीच ७,६०० ची असेल तर ८,९६८. पाटीवर फरक शंभराचा, बिलात जवळजवळ अकराशेचा. दोन खोल्या, चार रात्री धरल्या तर पावणेनऊ हजार नुसते रेषा ओलांडल्याबद्दल. त्यात अशा महागड्या हॉटेलातल्या जेवणावरही १८ टक्के लागतो. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात ५. म्हणून आठ-नऊ हजारांच्या अधल्यामधल्या खोल्या मला सगळ्यात वाईट सौदा वाटतात. कर श्रीमंताचा, थाट मध्यमवर्गाचा. एकतर रेषेच्या खाली राहा, नाहीतर सरळ पंधरा हजारांच्या ठिकाणी जा, जिथं पोहण्याचा तलाव, हिरवळ आणि किनारा यांत दिवस जातो. पंधरा हजारांच्या दोन खोल्या चार रात्री म्हणजे १,२०,००० आणि कर २१,६००.

दोन खोल्या का? कारण हॉटेलवाल्यांचं कुटुंब म्हणजे दोन मोठे आणि दोन लहान. आजी त्या कोष्टकात बसत नाहीत. मुलगा बाराच्या पुढं गेला की बऱ्याच ठिकाणी त्यालाही मोठ्याचा दर लागतो. जाहिरातीतला आकडा त्यामुळं आपल्या घराला कधीच लागू पडत नाही; माणसं आणि मुलांची वयं सांगून फोनवर एकूण रक्कम विचारायची.

जेवणाचं तसंच. सीपी म्हणजे नुसता नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे सगळं. एपी ऐकायला सुटसुटीत वाटतं. पण आजींचा सोमवारचा उपास, मुलांचं पिझ्झावाचून अडणं आणि नवऱ्याला हवी असलेली बाहेरची बांगड्याची थाळी, यांत पैसे भरलेली निम्मी जेवणं वाया जातात. गोव्यात सीपी पुरे. दांडेलीच्या जंगलात मात्र जेवणासकट घ्यावं, तिथं रात्री आठला बाहेर कुठं जाणार?

वेळेचं गणित आपल्या बाजूचं आहे आणि त्याचा फायदा फार कमी घरं उठवतात. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीला. पुण्या-मुंबईची गर्दी गोवा-कोकणावर दिवाळीत लोटते. आपण ऑक्टोबरात दसऱ्याच्या सुट्टीत, शनिवार-रविवार टाळून गेलो तर तीच खोली बरीच स्वस्त मिळू शकते. उलट त्याच सुट्टीत म्हैसूर, कूर्ग, गोकर्णाकडं जाऊ नये, तिकडं सगळं बंगळूर उतरलेलं असतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर गोव्याचं नावच नको. खोलीचे दर चढतातच, शिवाय २४ आणि ३१ तारखेच्या पार्टी-जेवणाचे पैसे अनेक हॉटेलं सक्तीनं घेतात. पावसाळ्यात दर कोसळतात हे खरं, पण तेव्हा समुद्रात उतरायला मनाई आणि किनाऱ्यावरची खाण्याची शॅक बंद. बेळगावच्या पावसात वाढलेल्या माणसानं पाऊस बघायला पैसे का मोजावेत, हे मला कळलेलं नाही.

परदेशी पॅकेजचा पाया मुळातच वेगळा. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून थेट परदेशी विमान नाही. गोव्यातलं मोपाचं विमानतळ जवळ असलं तरी पॅकेजवाले बहुधा मुंबई किंवा बंगळूरहूनच निघतात, म्हणजे दोन्ही टोकांना रात्रभराचा प्रवास. पाच दिवसांच्या सहलीचे घरून घरापर्यंत सात दिवस होतात. तीन लाखांत चौघांचं दुबई किंवा थायलंड बेताबेतानं बसतं. युरोप माणशीच दोन-अडीच लाखांच्या खाली क्वचित मिळतं, आणि शेंगेन व्हिसाचे मोठ्या माणसाला ९० युरो अर्ज नाकारला तरी परत येत नाहीत. टीसीएस, म्हणजे पॅकेज विकतानाच घेतलेला आगाऊ कर, म्हणून जी रक्कम घेतात ती आयकर रिटर्नमध्ये वळती होते, पण तोवर ती अडकून राहते. आणि आजी? बहुतेक वेळा त्यांना धाकट्या मुलाकडं ठेवतात.

इथं पंचतारांकितासाठी जादा पैसे मोजणं मला पटत नाही. सकाळी साडेसातला बस, रात्री नऊला परत. तलावात पाय बुडवायलाही सवड नसते. परदेश बघायचाच असेल तर तीन तारे घ्या, वाचलेल्या पैशात एक दिवस वाढवा आणि तो मोकळा ठेवा. पॅकेजच्या कागदात ‘ऐच्छिक’ लिहिलेल्या गोष्टी नीट वाचा. ज्या उंच इमारतीसाठी मुलं निघालेली असतात तिचं तिकीट कधीकधी त्यातच असतं.

थाटाचं वरचं टोक बघायचं असेल तर आपल्याच राज्याची आलिशान पर्यटन रेल्वे, गोल्डन चॅरियट. २००८ साली सुरू झालेली, मध्यंतरी थांबलेली ही गाडी २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा धावली, तेव्हा पाच रात्रींचं भाडं माणशी चार लाखांच्या घरात होतं. ती नेते हंपीला आणि गोव्याला, जिथं आपण घरची गाडी घेऊन जातो.

तिसरा पर्याय दिसायला फिका आहे, पण आजी असलेल्या घराला सगळ्यात सोयीचा. दांडेलीला जंगल लॉजेसचा काली ॲडव्हेंचर कॅम्प आहे. हा सरकारी उपक्रम दर माणशी लावतो आणि त्यात राहणं, जेवण, सफारी येतं. राफ्टिंग मात्र काळी नदीला सोडलेल्या पाण्यावर अवलंबून, आधी विचारून निघावं. दुसरी सहल आंबोली उतरून तारकर्लीला, घरगुती निवासात. तिथं मालकीणबाई आजींना तांदळाची भाकरी आणि सोलकढी न सांगता वाढतात. दोन्ही मिळून दीड लाखाच्या आत आटोपतं.

घरच्या बाईला सुट्टी मिळाली की नाही, हीही एक फूटपट्टी लावून बघा. गोव्यात मिळते. तारकर्लीत मिळते. परदेशी ग्रुप टूरमध्ये दर दोन दिवसांनी चौघांच्या बॅगा भरणारी तीच असते. मुलं सात-आठ वर्षांची असतील तर त्यांना पोहण्याचा तलाव आणि दुबई यांत फारसा फरक वाटत नाही. दहावी-अकरावीतल्या पोरांना वाटतो, आणि तेव्हा परदेशाचा खर्च वसूल होतो.

पैसा कुठून येतो यावरही बरंच ठरतं. तीन लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १४,४०० च्या आसपास आणि व्याज ४५ हजारांहून जास्त. म्हणजे तारकर्लीची एक सहल व्याजातच गेली. गल्लीत सोसायटीची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणारा रोज येतोच. दिवसाला ४०० टाकले तर वर्षाला १,४६,००० जमतात, दोन बेताच्या सहलींना पुरतील एवढे. पंचतारांकित हवं असेल तर दोन वर्षं थांबायचं. पिग्मी मुदतीआधी मोडली तर व्याजावर पाणी सोडावं लागतं, उलट पैसेही कापले जातात. म्हणून पुढच्या दसऱ्यासाठीचं खातं या दसऱ्याच्या आधीच उघडावं.