जपानी रियोबा करवत: सात महिने वापरल्यावर

सुटं पातं विचारलं तर विक्रेता म्हणतो, "संपलंय, अख्खी करवतच घ्या." सतराशे रुपये मोजलेली वस्तू सात महिन्यांत टाकून द्यायची? संताप झाला, म्हणून सविस्तर लिहितोय.

२४० मिलिमीटरची, दोन्ही कडांना दात असलेली नेहमीची रियोबा: एका कडेला आडव्या कापाचे दात (लाकडाच्या रेषांना आडवं कापायला), दुसरीला उभ्या कापाचे (रेषांच्या दिशेने कापायला). कापते अप्रतिम, यात वादच नाही. आपली करवत ढकलताना कापते, म्हणून पातं जाड लागतं, नाहीतर वाकतं. ही ओढताना कापते. ओढीत पातं आपोआप ताठ राहतं, त्यामुळे अर्धा मिलिमीटर जाडी पुरते. चीर इतकी बारीक की चाकूने मारलेली रेघ शेवटपर्यंत दिसते. पाइनच्या फळीचं टोक कापून गुण्या लावला, उजेडाकडे धरलं, कुठे फट नाही. रंधा हातात घ्यावाच लागला नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं तर नवशिक्याने हीच घ्यावी, असं बेधडक सांगितलं असतं.

मग सागवान आला. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुन्या चौकटीचे तुकडे आणले. सागात सिलिका असते, ती कुठलीही धार खाते. हळूहळू करवत रेघ सोडून एका अंगाला जायला लागली. बोटाने चाचपलं तर आडव्या कापाचे दात बोथट, आणि गाठीपाशी दोन मोडलेले. हे दात इतके कडक केलेले असतात की कानस नुसती घसरते. त्यात आडव्या कापाच्या प्रत्येक दाताला तीन पैलू, आपली तिकोनी कानस तिथे शिरतच नाही. म्हणजे धार गेली की पातं भंगारात. हे मला अजिबात पटत नाही.

आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांची करवत माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. दोन फळ्यांत पकडून कानस फिरवली की पुन्हा चालू. त्यांच्या सांगण्यावरून जालंधरची बारा इंची टेनन सॉ (पात्याच्या पाठीवर पट्टी असलेली, सांध्यांच्या खाचा कापायची करवत) घेतली, साडेचारशेला. सुरुवातीला ती रुंद, खरबरीत चीर पाडायची, कारण दात दोन्ही बाजूंना जास्तच फाकलेले होते. काकांनी पातं फळीवर आडवं ठेवलं आणि दातांच्या दोन्ही अंगांवरून तेलाचा दगड अगदी हलक्या हाताने एकेकदा फिरवला. त्यानंतर ती रेघ धरायला लागली. रियोबाची बारीक चीर तिला नाही, पण जादा रुंदी रेघेच्या टाकाऊ बाजूलाच जाते. खाचा काटकोनात बसतात. सागाचं काम करणार असाल तर पहिली करवत हीच घ्या.

कुठलीही करवत घेताना दातांची टोकं बघा. काळसर-निळी दिसली तर ते दात कडक केलेले, कानस लागणार नाही. अशी घ्यायचीच असेल तर सुटं पातं मिळतं का आणि केवढ्याला, हे पैसे देण्याआधी विचारा. माझ्या रियोबाची उभ्या कापाची कड अजून चांगली आहे, ती आता फक्त पाइनसाठी ठेवली आहे.