ट्रॉलीचे लाइट: टेप मारून जॉइंट की 7 पिन सॉकेट?

ऊसाचा सीझन आला की आमच्याकडं ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागच्या लाइटची आठवण होते. बहुतेक जण वायर सोलून पीळ मारतात, वर काळा टेप, झालं. खर्च जवळजवळ शून्य, पण ट्रॉली सोडताना रोज जॉइंट तोडायचा, पुन्हा मारायचा, त्यात तांब्याची टोकं हिरवी पडतात.

सॉकेट म्हणजे ट्रॅक्टरला बसवायचा 7 पिनांचा जोड, त्यात ट्रॉलीच्या वायरचा प्लग घुसतो. त्याला पैसे जास्त, बसवायला अर्धा दिवस, पण प्लग ओढला की सुटली ट्रॉली. डावा इंडिकेटर 1 नंबरच्या पिनला, उजवा 4 ला, ब्रेक 6 ला आणि अर्थ (बल्बमधला करंट परत बॅटरीकडं नेणारी वायर) 3 ला. हा अर्थच खरा घोळ घालतो बघा, टेपवाले अर्थ हुकातूनच घेतात, हुकाला ग्रीस आणि माती, मग ब्रेक दाबला की इंडिकेटरपण मिणमिणतो आणि आपण बल्ब बदलत बसतो. ब्रेकचे 21 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतात, त्यामुळं अर्थची वायर वेगळी आणि जाडच टाका.

सॉकेटमध्ये पाणी शिरतं हे खरंय, झाकण तुटलं की पिना गंजतात. तरी मी सॉकेटच घेईन. एकच ट्रॉली कायम जोडलेली असेल तर टेप चालेल, पण सोल्डर मारून.