वॉरगेम: रेड ड्रॅगन – विमानांपासून फौज वाचवायला शिकवणारा गेम

युगेन सिस्टम्स या पॅरिसच्या कंपनीने २०१४च्या एप्रिलमध्ये आणलेला हा गेम आज जुना झाला, पण जमिनीवरच्या फौजेला विमानांपासून कसं वाचवायचं हे इतक्या बारकाईने मांडणारा दुसरा गेम चटकन सांगता येत नाही. काळ १९७५ ते १९९१. रणगाडे, पायदळ, हेलिकॉप्टर, विमानं सगळं एकाच नकाशावर, आणि एका सामन्यात दोन्हीकडून दहा-दहा खेळाडू खेळू शकतात. सातारा जिल्ह्यात, अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर विशेष, ज्या घरातलं कुणी एअर डिफेन्स रेजिमेंटमध्ये होतं त्या घराला शिल्का (तोफांची गाडी), ओसा (मिसाईल गाडी), इग्ला (खांद्यावरून डागायचं मिसाईल) ही नावं नवी नाहीत. आपल्या लष्करातलीच ही हत्यारं. गेममध्ये भारताची फौज मात्र नाही, आणि ते खटकतं.

नवखा खेळाडू साधारण काय करतो? डेकमधली, म्हणजे सामन्याआधी निवडलेल्या हत्यारांच्या संचातली, सगळ्यात महागडी रडारवाली मिसाईल गाडी घेतो, एकच घेतो, आणि आघाडीच्या मागे उभी करून विसरतो. समोरचा रडारवर नेम धरणारं मिसाईल घेतलेलं विमान पाठवतो, गाडी जळते, पाठोपाठ क्लस्टर बॉम्बवाला येतो आणि रणगाड्यांची रांग साफ होते. नशीब वाईट म्हणून हे घडत नाही. कार्डवर, म्हणजे हत्याराच्या माहितीच्या चौकटीवर, ‘रडार’ अशी खूण असलेलं प्रत्येक हत्यार रडार चालू असेपर्यंत त्या विमानाला दिसत राहतं.

यावरचा उपाय गेममध्येच आहे: त्या गाडीचं हत्यार हाताने बंद करता येतं. बंद केलं की रडार बंद, आणि रडारवेधी विमानाला नेम धरायला काही उरत नाही. ते विमान परत फिरलं किंवा मिसाईल सोडून मोकळं झालं की लगेच चालू करायचं. हे जमायला हात बसावा लागतो, कारण उशिरा चालू केलं तर बॉम्बर डोक्यावर आलेला असतो. म्हणून रडारच्या गाड्या दोन ठेवाव्यात, एकमेकींपासून दोन-तीनशे मीटर लांब, आणि दोन्ही एकदम चालू ठेवू नयेत. जवळजवळ उभ्या केल्या तर एकाच बॉम्बफेकीत दोन्ही जातात.

त्यांच्या जोडीला उष्णतेवर जाणारी मिसाईलं हवीतच. खांद्यावरून डागणारी पायदळाची छोटी तुकडी स्वस्त पडते, झाडीत लपते आणि रडार नसल्याने ती कधी बंद करावी लागत नाही. पल्ला कमी, हेही खरं. तिसरा थर तोफांचा: शिल्का किंवा गेपार्ड. या झटकन गोळीबार सुरू करतात, खाली उतरलेल्या हेलिकॉप्टरला सोडत नाहीत आणि अडचणीत पायदळावरही चालतात. पण शिल्कालाही रडार आहे, तेव्हा वरचा नियम तिलाही लागू.

हे थर गेमवाल्यांनी मनाने रचलेले नाहीत. ऑक्टोबर १९७३मध्ये इस्रायलविरुद्धच्या युद्धात सुएझ ओलांडताना इजिप्तने कुब ही रडारवाली मिसाईलं, शिल्का आणि खांद्यावरची स्ट्रेला मिसाईलं यांची अशीच छत्री धरली होती. कुबला चुकवायला विमान खाली आलं की शिल्काच्या तोंडी सापडायचं. १४ ऑक्टोबरला इजिप्तचे रणगाडे ती छत्री सोडून सिनाईत पुढे सरकले आणि एका दिवसात दोनशेहून अधिक रणगाडे गमावून बसले. गेममध्ये हीच चूक रोज दिसते: हल्ला पुढे जातो, विमानविरोधी गाड्या जुन्या जागीच राहतात. रडार सतत चालू आणि गाड्या एकाच जागी असल्या की काय होतं, ते ९ जून १९८२ला लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायली हल्ल्यात सीरियाच्या मिसाईल तळांनी भोगलं.

अंतराचा हिशेब तर कागदावर मांडून बघावा. कार्डवर जमीन, हेलिकॉप्टर आणि विमान असे तीन पल्ले वेगवेगळे छापलेले असतात. पाहायचा तो विमानाचा. समजा तो २८०० मीटर आहे आणि गाडी आघाडीच्या १५०० मीटर मागे उभी आहे. म्हणजे आघाडीपुढे तिचा हात जेमतेम १३०० मीटर. विमान एवढं अंतर काही क्षणात कापतं, त्यात नेम धरायचा वेळ आणि मिसाईलच्या उड्डाणाचा वेळ धरला तर बॉम्ब आधी पडतो. विमान मग वळताना पडतं, पण तोवर नुकसान झालेलं असतं. तीच गाडी पुढे आणून आघाडीच्या ६०० मीटर मागे लावली की २२०० मीटर हातात येतात. त्याहून पुढे नेऊ नये, रणगाड्यांच्या टप्प्यात येते.

पुलाचं उदाहरण घ्या. सांगलीच्या इर्विन पुलावरून सांगलीवाडीकडे रणगाड्यांची रांग निघाली आहे असं समजा. विमानविरोधी गाडी रांगेत घालून पुलावर न्यायची नाही. एक अलीकडच्या काठावर आधी लावायची, दुसरी पहिल्या तुकडीबरोबर पलीकडे उतरवायची आणि मगच मुख्य रांग सोडायची. गेममधले नदीचे नकाशे जिंकायचे तर एवढं पाळावंच लागतं.

दारूगोळ्याचं गणित बरेच जण विसरतात. बुक या रडारवाल्या मिसाईल गाडीवर चार मिसाईलं, ओसावर सहा. मुरलेला खेळाडू आधी एक स्वस्त विमान काठाकाठाने फिरवून ती संपवून घेतो, मग खरा बॉम्बर सोडतो. सप्लाय ट्रक जवळ हवा, पण गाडीला चिकटून नको. मोठी मिसाईलं ट्रक भराभर रिकामा करतात, म्हणून मागे मोठा साठा, म्हणजे एफओबी, ठेवलेला बरा. तो सामना सुरू होण्याआधीच्या मांडणीतच ठेवता येतो, नंतर नाही.

साध्या डेकला ४५ पॉइंट मिळतात. त्यातून विमानविरोधी कार्डं तीन तरी घ्यावीत: एक लांब पल्ल्याचं रडारवालं, एक उष्णतेवरचं, एक तोफेचं. अनुभवाचा दर्जा वाढवला की संख्या घटते, तरी इथे दर्जाच घ्यावा, कारण अचूकता वाढते आणि विमानाच्या ईसीएमने, म्हणजे मिसाईलला चकवणाऱ्या यंत्रणेने, कापलेली टक्केवारी थोडी भरून निघते. एक मिसाईल लागून विमान पडेलच असं नसतं, बहुतेकदा दोन लागतात. जमिनीवरून सगळं होत नाही. एखादं लढाऊ विमान मागे राखून ठेवावंच.

आता उणिवा. शिकवणीचा भाग फारच तोकडा आहे. वर लिहिलेलं जवळजवळ काहीच तो सांगत नाही. संगणकाविरुद्ध खेळून वाईट सवयी लागतात, कारण तो विमानं एकेकटी आणून मारून घेतो. कोणत्या गाडीचं रडार बंद आहे हे गर्दीत पटकन ओळखू येत नाही. एकट्याने खेळायचं तर १९८७च्या बुसानची मोहीम चांगली आहे, पण तेवढ्यासाठी गेम घेऊ नये.

आपल्याकडच्या खेळाडूंसाठी आणखी दोन गोष्टी. मध्येच संपर्क तुटला तर त्याच सामन्यात परत येता येत नाही. पावसाळ्यात साताऱ्यात वीज जाते-येते, तेव्हा राऊटरसुद्धा इन्व्हर्टरवर घ्या, नुसता संगणक घेऊन भागत नाही. बरेच खेळाडू युरोपातले, म्हणून आपल्याकडे रात्री दहा वाजता तिथली संध्याकाळ सुरू झालेली असते आणि सामने तेव्हाच पटापट मिळतात. जुन्या लॅपटॉपवर गेम चालतो, फक्त दहा विरुद्ध दहाच्या सामन्यात अडखळतो. एका बाजूला तीन किंवा चार जण असतील अशा खोल्या निवडा. विकत घ्यायचा तो सेलमध्ये, आणि सुरुवातीला मूळ गेमच. इस्रायल, फिनलंड, युगोस्लाव्हिया या जादा फौजांचे पॅक नंतर पाहता येतील, रडार वेळेवर बंद करायला हात बसल्यावर.