पुढच्या गाडीचे अंतर सांगणारा डॅशकॅम: गगनबावडा रस्त्यावरचा एक हंगाम

गेल्या दिवाळीत मी गाडीला साडेनऊ हजार रुपयांचा डॅशकॅम, म्हणजे समोरच्या रस्त्याचे चित्रीकरण करणारा कॅमेरा, बसवून घेतला. नुसते चित्रीकरण करणारे कॅमेरे याच्या निम्म्या किमतीत मिळतात. जास्तीचे पैसे मोजले ते पुढच्या वाहनापासूनचे अंतर सेकंदांत दाखवणाऱ्या आणि ते कमी झाले की शिट्टी वाजवणाऱ्या सोयीसाठी. आठवड्यातून दोनदा मला कोल्हापूरहून गगनबावड्याला जावे लागते, आणि उसाच्या हंगामात या रस्त्यावर पुढच्याच्या शेपटाला शेपूट लावून चालवण्याची सवय मला केव्हा जडली, ते माझेच मला कळले नव्हते. काही तक्रारी गंभीर असल्यामुळे कंपनीचे नाव येथे देत नाही.

अंतर मीटरऐवजी सेकंदांत, म्हणजे पुढची गाडी जिथून गेली तिथे आपण किती वेळात पोचतो त्यावरून, दाखवणे हा या उपकरणाचा सर्वांत मोठा गुण. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणून दोन सेकंदांचे अंतर म्हणजे सुमारे ३३ मीटर. वेग वाढला की मीटर वाढतात, सेकंद मात्र तेच राहतात. पहिल्याच फेरीत पडद्यावर तांबड्या रंगात ०.८ हा आकडा आला आणि मी यंत्रालाच खोटे ठरवले. तेव्हा पुढचा दुधाचा टेम्पो एका मोरीच्या पांढऱ्या कठड्याजवळून जाताच पत्नीने ‘एक हजार एक’ असे मोजायला सुरुवात केली, आणि तिचे शब्द पुरे होण्याआधी आम्ही त्याच कठड्यापाशी होतो. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच सेकंद-दीड सेकंद जातो, हे लक्षात घेतले तर मी टेम्पोवाल्याच्या भरवशावर गाडी चालवत होतो.

इशाऱ्याची मर्यादा कंपनीने ०.६ सेकंदावर ठेवलेली असते, ही माझ्या मते अक्षम्य गोष्ट आहे. ती मी दोन सेकंदांवर नेऊन मागितली तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला, ‘‘साहेब, एवढी जागा सोडलीत तर कुणीपण घुसंल.’’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कळे गावाच्या अलीकडे-पलीकडे मी सोडलेल्या जागेत एखादे वडाप (प्रवासी भरून नेणारी खासगी जीप) हमखास शिरते, शिट्टी वाजते, मी पुन्हा मागे सरकतो. तरीही घड्याळ लावून पाहिले, तर या मागे सरकण्याने सगळ्या प्रवासाला तीन-चार मिनिटेच जास्त लागली.

खरी उणीव रात्री उघडी पडते. कुडित्र्याच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांना पुष्कळदा दिवा नसतो, आणि असलाच तर लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांनी, तो झाकलेला असतो. जानेवारीत अशाच एका ट्रॉलीमागे पडद्यावर समाधानकारक हिरवा आकडा होता. पण कॅमेऱ्याने ओळखली होती ती ट्रॉलीची चाके आणि सांगाडा, तर उसाचे शेंडे त्याच्या मागे हातभर नव्हे, चांगले तीन-चार फूट बाहेर आले होते. दुसऱ्या खेपेस तर ट्रॉली यंत्राला दिसलीच नाही. ताशी ६० ने जाणारी गाडी १५ ने चालणाऱ्या ट्रॉलीला ४० मीटरवरून तीन सेकंदांत गाठते. शिट्टी वाजेपर्यंत थांबण्याची ती वेळच नव्हे. डिपरवर, म्हणजे दिव्यांचा झोत खाली ठेवून, चालवताना त्या रस्त्यावर मी आता ४० च्या वर जात नाही, आणि यात यंत्राचा वाटा शून्य आहे.

जूनच्या पहिल्या पावसाने आणखी एक गोष्ट कळली. ओल्या रस्त्यावर अंतर कोरड्या रस्त्यावरच्या दोन सेकंदांच्या दुप्पट, म्हणजे चार सेकंद ठेवावे असा संकेत आहे, पण या उपकरणात अडीच सेकंदांच्या वर इशारा लावताच येत नाही. करूळ घाटाच्या तोंडाशी धुके आले की पडद्यावर आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ दिसते. ते एका परीने प्रामाणिकपणाचे म्हणायचे.

मागून चिकटणाऱ्या गाडीवर मात्र काहीच उपाय नाही. मागचा कॅमेरा त्याचा नंबर टिपतो, इतकेच. असा कोणी आरशात भरून राहिला की मी पुढचे अंतर आणखी वाढवतो, म्हणजे मला अचानक ब्रेक दाबावा लागणार नाही, आणि बाजूपट्टी रुंद मिळाली की त्याला पुढे जाऊ देतो.

दिवसा आणि कोरड्या रस्त्यावर सवय मोडण्यासाठी हे उपकरण घेण्याजोगे आहे. रात्री ऊसवाहतुकीच्या रस्त्याने जाणाऱ्याने त्यावर विसंबू नये. घेण्यापूर्वी दुकानदाराकडून पडदा चालू करून इशारा जास्तीत जास्त किती सेकंदांपर्यंत लावता येतो ते स्वतः पाहावे, कारण माझ्या खोक्यावर हा आकडा कोठेही छापलेला नव्हता.